मर्लो समजून वाढवलेलं कार्मेनेर

रेड वाईनचं द्राक्ष म्हटलं की आपल्याकडे कॅबर्ने आणि शिराझ, फार तर मर्लो, इथपर्यंत गप्पा येतात आणि थांबतात. मला मात्र सगळ्यात जास्त जीव लागलाय तो चिलीच्या कार्मेनेरला. आमचं गाव दिंडोरीकडचं, लहानपण द्राक्षबागेत गेलेलं, त्यामुळे एखादी व्हरायटी अख्ख्या देशात दुसऱ्याच नावाने वाढत होती आणि कुणाला पत्ता नव्हता हे वाचलं तेव्हा मी अक्षरशः उठून बसलो.

हे द्राक्ष मूळचं फ्रान्समधल्या बोर्दोचं. कॅबर्ने फ्रँक हा त्याचा एक पालक, आणि मर्लो नि कॅबर्ने सोव्हिन्यों यांचाही तोच, म्हणजे सगळी एकच भावकी. १८६० च्या दशकापासून फायलोक्सेरा नावाची मुळांवर जगणारी बारीक कीड फ्रान्सभर पसरली आणि बागाच्या बागा वाळून गेल्या, शेवटी अमेरिकन खुंटावर कलम करायचं हाच उपाय उरला. आपल्याकडे डॉगरिज या अमेरिकन जातीच्या खुंटावर कलम करतात ते पाणी कमी आणि जमीन खारवट म्हणून, तिकडे ते बाग जगवायला करावं लागलं. आता नव्याने लागवड करायचीच आहे तर शेतकरी त्रास देणारी व्हरायटी कशाला लावेल? कार्मेनेरचं दुखणं असं की फुलोऱ्यात गारठा आणि पाऊस आला की फुलाचा मणी धरतच नाही, फुलं गळून पडतात, घड विरळ राहतो, वर पिकायलाही उशीर. बोर्दोत वसंतात हे हवामान नेहमीचंच, त्यामुळे लोकांनी ते पुन्हा लावलंच नाही.

पण कीड यायच्या आधीच, १९ व्या शतकाच्या मध्याला, चिलीतल्या श्रीमंत लोकांनी बोर्दोहून काड्या नेल्या होत्या. त्यात मर्लोबरोबर कार्मेनेरही गेलं आणि एकाच बागेत मिसळून लागलं. चिलीच्या उत्तरेला अटाकामाचं वाळवंट, पूर्वेला अँडीज, पश्चिमेला पॅसिफिक, अशा कोंदणात फायलोक्सेरा आजवर पोचलेला नाही, बऱ्याच बागा अजूनही कलमाशिवाय, स्वमुळावरच उभ्या आहेत. आणि मधल्या खोऱ्यांत पाऊस मुख्यतः हिवाळ्यात पडतो, फुलोरा ते काढणी बहुतेक कोरडंच, म्हणजे बोर्दोत जे जमत नव्हतं ते इथे आपोआप जमलं!

लोक त्याला मर्लोच म्हणायचे, कधी नुसतं चिलीचं मर्लो. दिसतंही तसंच. मग २४ नोव्हेंबर १९९४ ला झाँ-मिशेल बुर्सिको हे फ्रेंच द्राक्षतज्ज्ञ माइपो खोऱ्यात कार्मेन वायनरीच्या बागेत फिरत होते. तिकडे नोव्हेंबर म्हणजे फुलोऱ्याचे दिवस. त्यांनी एक फुलोरा हातात घेऊन पाहिला तर फुलातले पुंकेसर सरळ नव्हते, पीळ पडल्यासारखे वाकडे होते, आणि मर्लोत तसं नसतं. ते म्हणाले, हे मर्लो नाही, कार्मेनेर आहे. केवढं बारीक निरीक्षण! द्राक्षाचं फूल म्हणजे टाचणीच्या डोक्याएवढं, आपण बागेत असतो तेव्हा गळ किती झाली एवढंच बघतो. एकदा समजल्यावर मग शेंड्यावरूनही ओळखता येतं, कोवळ्या पानाची खालची बाजू कार्मेनेरची लालसर तर मर्लोची पांढुरकी, आणि हंगाम संपताना तर कार्मेनेरची पानं अशी लाल होतात की लांबूनही कळतं.

आता तुम्ही म्हणाल नावाने असा काय फरक पडतो. सगळाच पडतो हो. कार्मेनेर मर्लोपेक्षा तीन-चार आठवडे उशिरा पिकतं. दोन्ही एकत्र तोडली की एक तर मर्लो जास्त पिकलेलं किंवा कार्मेनेर कच्चं, आणि कच्च्या कार्मेनेरमध्ये पायराझिन हे वासाचं द्रव्य भरपूर, म्हणजे वाईनला हिरव्या सिमला मिरचीचा उग्र वास. ओळख पटल्यावर प्लॉट वेगळे करता आले, घडापाशी ऊन पोचेल अशी पानकाढणी, मण्यात पाणी उतरल्यावर, म्हणजे मणी मऊ पडून रंग धरू लागल्यावर, सिंचनाला आवर, आणि काढणी थेट एप्रिल-मेपर्यंत पुढे. चिली सरकारने १९९८ ला व्हरायटी म्हणून अधिकृत मान्यता दिली, आज सुमारे दहा हजार हेक्टरवर ती आहे, जगात सर्वात जास्त तिथेच, आणि एकेकाळी तिचं घर असलेल्या बोर्दोत नावापुरती.

सगळ्या खोऱ्यांत ते सारखं येत नाही. काचापोआल खोऱ्यातलं प्यूमो हे माझ्या मते सर्वात उत्तम, जमीन चिकणमातीची, ओल धरून ठेवणारी, आणि हंगाम लांब. दुसरं नाव कोल्चाग्वामधल्या अपाल्टाचं. तिथल्या क्लो अपाल्टा या वाईनचं २००५ चं व्हिंटेज, म्हणजे त्या वर्षीच्या द्राक्षांची वाईन, २००८ साली वाईन स्पेक्टेटर या अमेरिकन मासिकाच्या यादीत वर्षातली पहिल्या नंबरची वाईन ठरलं, आणि त्या अनेक द्राक्षांच्या ब्लेंडमध्ये सर्वात मोठा वाटा कार्मेनेरचा होता. जे द्राक्ष फ्रान्समध्ये टाकून दिलं होतं ते!

असंच नावाआड लपलेलं कार्मेनेर इटलीत कॅबर्ने फ्रँकच्या बागांत सापडलं, आणि चीनमध्ये ज्याला कॅबर्ने गेर्निश्ट म्हणतात तेही डीएनए तपासल्यावर कार्मेनेरच निघालं.

चव सांगायची तर रंग गडद जांभळा, काळ्या बेरी, काळी मिरी, थोडा कोकोसारखा कडवटपणा, आणि टॅनिन, म्हणजे तोंडाला तुरट करणारं द्रव्य, मऊ, म्हणून आपल्या तिखटापुढे ही वाईन कॅबर्नेसारखी तुरट लागत नाही. इम्पोर्टेड असल्यामुळे आपल्याकडे ड्युटी लागून महाग पडते, पण घेणार असाल तर लेबलवर नुसतं सेंट्रल व्हॅली, म्हणजे चिलीचा सगळा मधला मोठा पट्टा, लिहिलेली सोडा आणि प्यूमो किंवा कोल्चाग्वा शोधा. थोडी गार करून, सुक्या मटणाबरोबर घ्या, भरल्या वांग्याबरोबर तर फारच छान लागते.