प्रमुखाची विचारपूस कोणी करायची?

गुरुवार, रात्र

रुग्णालयात विभागप्रमुख झालं की आधी जातात ती सोबत बसून कुरकुर करणारी माणसं. कालपर्यंत ज्यांच्याबरोबर रात्रपाळ्या काढल्या, वरिष्ठांना नावं ठेवली, त्यांच्याच रजेच्या अर्जावर आजपासून आपली सही. ती आपल्याला पाहून गप्प होतात असं नाही, विषय मात्र बदलतात. मी यातून गेले आहे. आज आयसीयूची नवी प्रमुख समोर येऊन बसली आणि तिनंही तेच सांगितलं. "मॅडम, काम झेपतंय. पण बोलायचं कोणाशी, ते कळत नाही."

तिला झोप नीट लागत नाही. घरी गेल्यावरही रिकाम्या खाटा किती, व्हेंटिलेटर किती हेच फोनवर बघत राहते. परवा एका रुग्णाची मुलगी तिच्यासमोर रडली आणि हिच्या मनात काहीच हललं नाही. त्या कोरडेपणाची तिला भीती वाटली. ही भीती वाटते आहे तोवर बरंच काही हातात आहे, असं मी तिला सांगितलं, आणि ते केवळ धीर द्यायला नव्हे. मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिना मास्लाक आणि सुझन जॅक्सन यांची बर्नआउट, म्हणजे कामाच्या ताणानं आतून संपून जाणं, मोजण्याची प्रश्नावली १९८१ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात तीन गोष्टी तपासतात : मनानं पार रितं होणं, समोरच्या माणसाची नुसती केस होऊन जाणं, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटत राहणं. दुसरी गोष्ट सहसा गुपचूप येते. स्वतःला तर ती कळतच नाही, कारण काम चालू असतं, सह्या होत असतात, राउंड वेळेवर निघतो. हिला ती वेळीच दिसली.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये बर्नआउटची जी व्याख्या दिली, तिचा मी बैठकांत वारंवार आधार घेते. संघटना त्याला आजार म्हणत नाही. कामाच्या ठिकाणचा दीर्घकाळचा ताण नीट हाताळला न गेल्यानं उद्भवणारी कामाशी निगडित स्थिती म्हणते. मूळ कामाच्या ठिकाणी असेल तर उपायही तिथंच व्हायला हवा. "चार दिवस रजा घे" हा सल्ला वाईट नाही, पण पाचव्या दिवशी ती त्याच खुर्चीत येऊन बसणार, तितकीच एकटी.

शुक्रवार

काल तिला काय सांगितलं त्यापेक्षा काय सांगितलं नाही, ते आज लिहून ठेवते.

प्रमुखाच्या डोक्यावरचं ओझं वेगळ्या जातीचं असतं. रुग्ण दगावला तर तो दगावल्याचं दुःख आहेच. शिवाय त्या रात्री ड्यूटीवर असलेल्या सिस्टरला सावरायचं, नातेवाइकांना भेटायचं, मृत्यू परीक्षणाच्या बैठकीत उत्तरं द्यायची, आणि दुसऱ्या दिवशीच्या रोस्टरमध्ये दोन माणसं कमी आहेत ती कुठून तरी उभी करायची. कोणाची रजा नाकारायची हे ठरवावं लागतं. चुकलेल्या सहकाऱ्याला नोटीसही द्यावी लागते, आणि कधी कधी तो आपला जुना मित्र असतो. हे हाताखालच्यांना सांगता येत नाही, कारण त्यांचाच प्रश्न असतो. वरिष्ठांना सांगावं तर आपलं मूल्यमापन त्यांच्याच हातात. घरी सांगावं तर रुग्णाची गोपनीयता आड येते.

म्हणून मार्गदर्शक हवा, आणि तो आपल्या साहेबांपैकी नको. या मुद्द्यावर मी तडजोड करत नाही. ज्याच्या हातात बढती आहे त्याच्यासमोर कोणी "मला जमत नाहीये" असं म्हणत नाही. दुसऱ्या विभागातला, शक्य तर दुसऱ्या संस्थेतला, त्या खुर्चीत पूर्वी बसून उठलेला माणूस हवा. मला असा माणूस मिळाला होता. निवृत्तीच्या उंबरठ्यावर असलेल्या एक मेट्रन, म्हणजे सगळ्या सिस्टरांच्या प्रमुख. मी डॉक्टर, त्या नर्सिंगच्या, त्यामुळे आमच्यात स्पर्धेचा प्रश्नच नव्हता. त्या उपदेश क्वचित करत. मी तणतणत काही सांगितलं की विचारायच्या, "यातलं तुम्हीच करायला हवं असं किती आहे?" त्या एका प्रश्नानं माझ्या टेबलावरच्या कितीतरी फायली योग्य माणसाकडे गेल्या.

पण मार्गदर्शक सगळं भागवत नाही. त्याच्याशी बोलताना आपण काही प्रमाणात शिष्यच असतो. आपल्यासारख्याच खुर्चीत, आपल्यासारखेच अडकलेले चारजण समोर असले की बोलणं वेगळं होतं. तिथं कोणी उत्तर देत नाही. "माझ्याकडेही असंच झालं" एवढं कोणीतरी म्हणतं आणि खांदे खाली येतात.

रविवार

आज निवांतपणे जुनी टिपणं काढली.

लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिक या मानसोपचार केंद्रात मायकेल आणि एनिड बॅलिंट या दांपत्यानं १९५० च्या दशकात जनरल प्रॅक्टिस करणाऱ्या डॉक्टरांचे लहान गट चालवले. एकानं आपला एक रुग्ण मांडायचा, पण चर्चा रोगनिदानावर नाही, त्या रुग्णामुळे डॉक्टरच्या मनात काय उठलं यावर. हे गट आजही अनेक देशांत चालतात. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिक या रुग्णालयातला प्रयोग मला अधिक पटतो, कारण त्यात वेळेचा हिशेब आहे. ७४ डॉक्टरांपैकी निम्म्यांना छोट्या गटांत बसवलं, दर पंधरा दिवसांनी एक तास, नऊ महिने. तो तास पगारी कामाच्या वेळेतला होता. २०१४ मध्ये निष्कर्ष छापून आले : गटात बसलेल्यांमध्ये रुग्णाविषयीचा कोरडेपणा घटला, आणि प्रयोग संपल्यावर वर्षभरानंही तो फरक टिकून होता. बाकीच्यांनाही तेवढाच तास मोकळा मिळाला होता, पण तो ज्यानं त्यानं आपापला वापरला. म्हणजे नुसती मोकळी वेळ पुरत नाही, तिच्यात सोबत लागते.

त्याच संस्थेनं पुढच्या वर्षी प्रसिद्ध केलेली एक पाहणी प्रत्येक संचालकाच्या टेबलावर ठेवावी अशी आहे. डॉक्टरांनी आपल्या थेट वरिष्ठाला नेतृत्वासाठी गुण द्यायचे होते. वरिष्ठाला जितके जास्त गुण, तितका त्याच्या हाताखालच्यांत बर्नआउट कमी. प्रमुखाची काळजी घेणं म्हणजे एका माणसाचे लाड, असं ज्यांना वाटतं त्यांनी हे वाचावं. रित्या झालेल्या प्रमुखाचा विभाग मी जवळून पाहिलेला आहे. तिथं आधी राउंडमधले प्रश्न बंद होतात, मग राजीनामे सुरू होतात.

डॉ. लॉर्ना ब्रीन यांची आठवण आज टाळता आली नाही. न्यूयॉर्कमधल्या एका रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागाच्या त्या प्रमुख होत्या. कोविडच्या पहिल्या लाटेत, एप्रिल २०२० मध्ये, त्यांनी आयुष्य संपवलं. मदत मागितली तर आपला परवाना, आपलं नाव जाईल अशी भीती त्यांना होती, असं त्यांच्या कुटुंबीयांनी नंतर सांगितलं. आरोग्य कर्मचाऱ्यांच्या मानसिक स्वास्थ्यासाठी अमेरिकेत २०२२ मध्ये त्यांच्या नावानं कायदा झाला. मला त्यातली भीती सगळ्यात ओळखीची वाटते. खुर्ची जितकी वरची, तितका मदत मागायला संकोच जास्त.

म्हणूनच हेल्पलाइनचा नंबर भिंतीवर लावून भागत नाही. फोन समोरून यायला हवा. युनिटमध्ये मोठी दुर्घटना झाली, चौकशी लागली, अनपेक्षित मृत्यू झाला की चोवीस तासांच्या आत प्रमुखाला दुसऱ्या प्रमुखाचा फोन जावा, त्यानं मागितला नसला तरी. फोन करणाऱ्यानं घटनेचा तपशील विचारायचा नाही, फक्त "तू कशी आहेस?" एवढंच, आणि मग ऐकायचं. कुठंही नोंद ठेवायची नाही. बोलण्यात निराशा खोल दिसली, जीव नकोसा झाल्याची भाषा आली, तर तिथल्या तिथे मानसोपचारतज्ज्ञापर्यंत सोबत न्यायचं. सहकाऱ्याचा आधार म्हणजे उपचार नव्हे, ही सीमा फोन करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असली पाहिजे.

सोमवार, पहाटे

संचालकांसमोर मांडायचा कागद तयार झाला. महिन्यातून दोनदा प्रमुखांच्या गटाला एक तास, रोस्टरमध्ये लिहिलेला, आणि त्या तासापुरता विभाग सांभाळणाऱ्याचं नावही तिथंच. नव्या प्रमुखाला पहिलं वर्षभर बाहेरचा मार्गदर्शक. गटात जे बोललं जाईल ते कोणत्याही मूल्यमापनात येणार नाही, याची लेखी हमी. आणि अगदी वर, ठळक अक्षरांत, रिकाम्या जागा भरण्याची मागणी. ती खाली ढकलली तर हा सगळा कागद माणसांना तेच ओझं जरा हसतमुखानं वाहायला लावण्याची सोय ठरेल, आणि तशा कागदावर मी सही करणार नाही.

मेट्रनबाईंना कालच फोन केला होता. आयसीयूच्या त्या मुलीसाठी विचारलं. त्या म्हणाल्या, "तिला सांगा, गुरुवारी दुपारी मी मोकळी आहे. पण फोन तिनं करायची वाट बघू नका, तिचा नंबर मला द्या."

तिची परवानगी घेऊन आज सकाळीच नंबर पाठवते.