नंदगडच्या शाखेतली सोळा पॅकेटं

नंदगडहून पहिला फोन आला तेव्हा खानापूर तालुक्यात भाताची लावण चालू होती. तक्रार एका ओळीची. लॉगिन होतंय, पैसे भरणं-काढणं होतंय, पण खात्याचा मोठा उतारा काढायला गेलं की स्क्रीन तिथेच थांबते.

मी बेळगावात नेटवर्क दुरुस्तीच्या एका छोट्या दुकानात काम करते. ज्या सोसायटीचं हे काम, तिचं मुख्य कार्यालय बेळगावात, सर्व्हरही तिथेच. शाखांतले कॉम्प्युटर टनेलमधून, म्हणजे इंटरनेटमधून काढलेल्या खासगी वाटेने, त्या सर्व्हरला जोडलेले. नंदगडचं इंटरनेट महिन्यापूर्वी बदललं होतं. नवी फायबर, नवा राउटर, आणि जुन्या टनेलच्या जागी वायरगार्ड नावाच्या सॉफ्टवेअरचा नवा टनेल. निपाणीची शाखा अजून जुन्याच टनेलवर होती आणि तिथे सगळं सुरळीत चाललं होतं.

फोनवरून जे बघता येतं ते सगळं बघून झालं. पिंग चालू, म्हणजे छोट्या हाकेला पलीकडून उत्तर येतंय; स्पीड टेस्ट उत्तम. इंटरनेटवाल्याचा माणूस कन्नडमध्ये एवढंच म्हणाला, ‘लिंक चेन्नागिदे’, आणि ते खरंच होतं. लिंक चांगलीच होती. शाखेतला एक कॉम्प्युटर बदलून पाहिला, अँटीव्हायरस काढून पाहिला. शेवटी दुकानातले दादा म्हणाले, ‘तू जाऊनच ये.’ म्हणून मी खानापूरमार्गे बसने नंदगडला गेले.

शाखेत काऊंटरवर एक अक्का बसतात. वीस वर्षं त्याच खुर्चीत. त्या दिवशी एक आजोबा कर्जाच्या कागदांसाठी उतारा न्यायला तिसऱ्यांदा आले होते, धोतर गुडघ्यापर्यंत भिजलेलं. रांगेतले लोक अक्कांवर चिडत होते आणि त्या एकेकाला शांतपणे ‘उद्या या’ सांगत होत्या. चूक त्यांची नव्हती, पण बोलणी त्याच खात होत्या. ते बघून मला फार वाईट वाटलं. कारण सापडल्याशिवाय परत यायचं नाही, असं मी तिथेच ठरवलं.

बेत साधा होता. सर्व्हरवर टीसीपीडम्प लावायचा, शाखेतल्या कॉम्प्युटरवर वायरशार्क. ही दोन्ही नेटवर्कची वाहतूक नोंदवणारी साधनं. दोन्हीकडे एकाच वेळी पॅकेटं, म्हणजे नेटवर्कवरून जाणारे माहितीचे तुकडे, पकडायची, एक उतारा मागायचा, तो अडकू द्यायचा, आणि दोन फाइली शेजारी ठेवून काय निघालं आणि काय पोचलं ते बघायचं. एक काळजी आधी घेतली. या वाहतुकीत लोकांच्या खात्यांची माहिती असते. म्हणून मॅनेजर सरांची परवानगी घेतली आणि प्रत्येक पॅकेटचे फक्त पहिले ६८ बाइट साठवायचे ठरवलं. पत्ते, क्रमांक, लांबी असं सगळं त्यात येतं, आतला मजकूर जवळजवळ येत नाही. पॅकेट मुळात केवढं होतं हा आकडा फाइलमध्ये वेगळा नोंदलेला असतो, त्यामुळे कापून घेतल्याने तो हरवत नाही.

पहिली चूक मी लगेच केली. दोन्ही फाइली जुन्या पीकॅप स्वरूपात होत्या, म्हणून दोन फाइली बाइट न् बाइट ताडणारी लिनक्सची सीएमपी कमांड थेट त्यांच्यावर चालवली. उत्तर आलं: पहिला फरक पंचविसाव्या बाइटला. क्षणभर वाटलं काहीतरी हाती लागलं. मग लक्षात आलं की या फाइलचे पहिले २४ बाइट म्हणजे फाइलचा मथळा, आणि पंचविसाव्या बाइटपासून पहिल्या पॅकेटची वेळ सुरू होते. दोन घड्याळं सेकंदापर्यंत जुळत नाहीत, एवढंच मला कळलं होतं.

पुढे मी वेळेच्याच मागे लागले. शाखेतलं घड्याळ सर्व्हरपेक्षा तीन मिनिटं मागे होतं. एडिटकॅप या साधनाने एका फाइलच्या सगळ्या वेळा तेवढ्या पुढे सरकवता येतात. तसं केलं आणि दोन्ही फाइली वायरशार्कमध्ये शेजारी उघडून ओळ न् ओळ ताडत बसले. पण पॅकेटला वाटेत लागणारा वेळ दर वेळी थोडा वेगळा. शंभर ओळींनंतर कुठली ओळ कुठल्या ओळीची जोडीदार हेच कळेना. शिवाय सर्व्हरच्या फाइलमध्ये ४४३४ बाइटची पॅकेटं दिसत होती. इथरनेटवर साधारणपणे १५१४ च्या वर काही जात नाही, १४ इथरनेटच्या मथळ्याचे आणि १५०० आतल्या आयपी पॅकेटचे. मग ही एवढी मोठी कुठून आली?

याचं उत्तर मला माहीत होतं, पण आठवायला अर्धा दिवस गेला. सर्व्हरचं नेटवर्क कार्ड तुकडे पाडायचं काम स्वतः करतं. लिनक्स त्याला एक मोठा गठ्ठा देतं, आणि टीसीपीडम्प त्या गठ्ठ्याचा फोटो कार्डाच्या अलीकडेच काढतो. तारेवर खरी पॅकेटं तीन असतात, प्रत्येकी १४६० बाइट मजकुराची, आणि फाइलमध्ये दिसतं एक. चेकसम, म्हणजे पॅकेट बिघडलं का हे ताडायचा आकडा, चुकीचा असल्याच्या लाल ओळीही तशाच. चेकसमही कार्डच भरतं, फोटो निघतो तेव्हा ती जागा अजून भरलेली नसते. ज्यांना हे माहीत नसतं ते इथेच ‘पॅकेटं खराब होतायत’ म्हणून केबल बदलायला लागतात. संध्याकाळी कामकाज संपल्यावर मॅनेजर सरांना विचारून सर्व्हरवरची ही सोय ईथटूल या कमांडने तात्पुरती बंद केली आणि पॅकेटं पुन्हा पकडली. आता फाइलमध्ये तेच दिसू लागलं जे तारेवर जात होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी लाइट गेली. मी लॅपटॉपच्या बॅटरीवर त्याच ओळींशी झटत होते. शेजारी अक्का बँकेच्या पासबुकाचा रोजकीर्दीशी मेळ घालत होत्या. माझ्या स्क्रीनकडे जरा वेळ बघून त्यांनी विचारलं, ‘काय करूलायस?’ मी म्हटलं, दोन याद्या जुळवतेय, एका गावची आणि दुसऱ्या गावची, पण वेळा जुळत नाहीत. त्या म्हणाल्या, ‘तारखेला काय बघूलायस पोरी? आपण चेक देतो सोमवारी, बँकेत वटतो गुरुवारी. तारीख कधी जुळायचीच नाही. चेक नंबर लाव की.’

मी हातातला पेन खाली ठेवला.

प्रत्येक आयपी पॅकेटच्या मथळ्यात एक ओळख क्रमांक असतो, १६ बिटांचा. पाठवणारा तो घालतो, आणि वाटेतले राउटर सहसा त्याला हात लावत नाहीत. तोच माझा चेक नंबर. जोडीला टीसीपीचा (मजकूर क्रमाने आणि खात्रीने पोचवणाऱ्या नियमांचा) अनुक्रमांक, म्हणजे हा मजकूर एकूण प्रवाहात कितव्या बाइटपासूनचा आहे तो आकडा. दोन्ही लागतात. न पोचलेला तुकडा लिनक्स पुन्हा पाठवतं तेव्हा ओळख क्रमांक नवा पडतो आणि अनुक्रमांक तोच राहतो. अक्कांच्या भाषेत, रक्कम तीच, चेक नवा.

टीशार्कने, म्हणजे वायरशार्कच्या कमांडवरून चालणाऱ्या जोडीदाराने, दोन्ही फाइलींतून फक्त सर्व्हरकडून शाखेकडे येणारी पॅकेटं निवडली आणि प्रत्येकासाठी एक ओळ काढली: ओळख क्रमांक, अनुक्रमांक, मजकुराची लांबी. वेळ नाही, मॅक पत्ता नाही, टीटीएल नाही, चेकसम नाही. टीटीएल, म्हणजे पॅकेटला अजून किती राउटर ओलांडता येतील तो आकडा, प्रत्येक राउटरवर एकाने कमी होतो, त्याच्याबरोबर आयपीचा चेकसम बदलतो, मॅक पत्ते, म्हणजे नेटवर्क कार्डांचे पत्ते, तर प्रत्येक टप्प्यावर वेगळेच. यांना बदलायचा हक्कच आहे. दोन्ही याद्या क्रमांकाने लावल्या आणि मग दोन याद्यांतला फरक दाखवणारा डिफ चालवला.

सोळा ओळी आल्या. सोळाही सर्व्हरच्या बाजूच्या. निघालेल्या, पण नंदगडला न पोचलेल्या. आणि सोळांच्याही शेवटच्या रकान्यात एकच आकडा: १४६०. दहा पॅकेटं पहिल्या झटक्यात गेलेली, पुढची सहा म्हणजे त्यांतल्या पहिल्याचाच पुन्हा पुन्हा प्रयत्न, दर वेळी आधीच्या दुप्पट थांबून. छोटी पॅकेटं एकूण एक पोचली होती. म्हणूनच लॉगिन चालत होतं, भरणा चालत होता, शिल्लक दिसत होती. पूर्ण आकाराचं एकही पॅकेट मात्र नंदगडला येत नव्हतं.

दोन दिवस धुक्यात चाचपडल्यावर एकदम लख्ख दिसावं तसं झालं. अक्कांना सांगितलं, तुमच्यामुळे सापडलं. त्यांना ते पटलं नाही, पण चहा आला.

कुठे अडतंय याचा अंदाज आता होता. वायरगार्डच्या टनेलचा एमटीयू १४२०, म्हणजे त्यातून एका वेळी जास्तीत जास्त १४२० बाइटचं पॅकेट जातं. सर्व्हर पाठवत होता १५०० चं, तेही ‘तुकडे करू नका’ हे डीएफ चिन्ह लावून. पण मग निपाणी कशी चालते? तिथेही टनेलच आहे, त्याचीही मर्यादा १५०० पेक्षा कमीच. म्हणून निपाणीच्या शाखेतल्या मुलाला फोन करून तिथूनही तशीच जोडी पकडायला लावली.

सगळ्यात जास्त शिकायला मिळालं ते इथे. टीसीपीची जोडणी सुरू होताना दोन्ही बाजू आपापल्या पहिल्या, सिन नावाच्या पॅकेटात सांगतात की मला एका वेळी एवढाच मजकूर पाठव. तो आकडा म्हणजे एमएसएस. निपाणीच्या कॉम्प्युटरवरून निघताना सिनमध्ये १४६० होता आणि सर्व्हरवर पोचताना १३६०. वाटेत राउटरने तो कमी करून ठेवला होता. नंदगडच्या जोडीत निघताना १४६० आणि पोचतानाही १४६०. नंदगडच्या दोन फाइलींच्या सिनमध्ये या बाबतीत काही फरकच नव्हता, म्हणून डिफला तिथे दाखवण्यासारखं काही नव्हतं. जिथे फरक पडायला हवा होता तिथे तो पडला नव्हता. नुसत्या नंदगडच्याच फाइली बघत राहिले असते तर हे मला कधीच दिसलं नसतं. चालणाऱ्या शाखेची जोडी हाताशी असणं किती मोलाचं आहे, ते मी त्या दिवशी शिकले.

बेळगावला परत येऊन राउटर उघडला. एमएसएस कमी करण्याचा नियम होता, पण जुन्या टनेलचं नाव घेऊन लिहिलेला. नंदगडचा टनेल नव्या नावाने तयार झाला तेव्हा तो नियम त्याला लागू झालाच नाही.

तरीही एक प्रश्न उरत होता. टनेलमध्ये न मावणारं पॅकेट राउटरने टाकलं, तर तसं कळवणं त्याचं काम आहे. १९९० च्या आरएफसी ११९१ या इंटरनेटच्या नियमांच्या दस्तऐवजापासून ही रीत ठरलेली आहे. राउटर आयसीएमपीचा, म्हणजे नेटवर्कमधल्या अडचणी कळवण्याच्या सोयीचा, निरोप पाठवतो, प्रकार ३, कोड ४: पॅकेट मोठं आहे, पुढे अमुक इतकंच मावेल. तो मिळाला की सर्व्हर स्वतःच लहान पॅकेटं पाठवू लागतो. मग आमच्या सर्व्हरला तो का मिळाला नाही?

राउटरच्या आतल्या बाजूला तिसरी फाइल पकडली. निरोप तिथे होते, आत १४२० हा आकडा स्पष्ट. अशा निरोपाच्या पोटात टाकलेल्या पॅकेटचा मूळ आयपी मथळा जसाच्या तसा असतो, म्हणजे ओळख क्रमांकही. न वटलेला चेक परत येतो तेव्हा बँकेच्या मेमोवर त्याच चेकचा नंबर असतो, अगदी तसंच. मी ते क्रमांक पुन्हा पकडलेल्या सर्व्हरच्या फाइलीशी लावले. एकेक जुळला. आणि सर्व्हरच्या फाइलमध्ये असा निरोप एकही नव्हता. राउटर आणि सर्व्हर यांच्या मधल्या फायरवॉलवर पिंग सोडून बाकी सगळं आयसीएमपी बंद केलेलं होतं. नियम आमच्याच दुकानाने लावलेला, सुरक्षेच्या नावाखाली. मेमो दारातच अडवला जात होता. एमएसएसचा नियम नीट लागू होता तोवर हे झाकलेलं राहिलं.

दादांना सगळ्या याद्या दाखवल्या. त्यांनी काही न बोलता फायरवॉलवर प्रकार ३, कोड ४ ला वाट करून दिली आणि नव्या टनेलला एमएसएस १३८० लावला, १४२० वजा आयपी आणि टीसीपीचे मथळे मिळून ४० बाइट. माझं म्हणणं होतं की दोन्ही करायलाच हवं. नुसता एमएसएस बदलला तर टीसीपी चालेल, पण मेमो अडवणारं दार तसंच राहील, आणि पुढे कुणीतरी पुन्हा असाच अडकेल.

दुसऱ्या दिवशी परत नंदगडला गेले. आधी डीएफ लावून पिंग केला. १३९२ बाइटचा गेला, १३९३ चा अडला. त्यात मथळ्यांचे २८ मिळवले की १४२० होतात, हिशेब चोख. मग दोन्हीकडे पॅकेटं पकडायला लावली आणि अक्कांनी आजोबांचा उतारा मागितला. दोन सेकंदांत स्क्रीन भरली आणि प्रिंटर सुरू झाला. अकरा पानं.

ती छापून होईपर्यंत मी याद्या काढल्या. या वेळी टीटीएलचा रकानाही मुद्दाम ठेवला होता. सर्व्हरकडे ६४, शाखेत ६१, मधल्या तीन टप्प्यांचे तीन. बाकी प्रत्येक ओळीला तिची जोडी होती. अक्कांनी पानं लावून, शिक्का मारून आजोबांच्या हातात दिली. त्यांनी ती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सदऱ्याच्या आत ठेवली. मी सगळ्या फाइली पुसल्या, सर्व्हरवरची कार्डाची सोय पुन्हा चालू करायला दादांना फोन केला, आणि अक्कांना विचारलं की खानापूरची गाडी किती वाजता आहे.