तुम्ही विचारलंत म्हणून: क्रिप्टोचोरीवर स्वस्तात थ्रिलर होतो का?

नोकरीची बरीच वर्षं मी बँकेत संशयास्पद व्यवहार तपासण्यात घालवली आणि निवृत्तीनंतर फिल्म सोसायटीत रमलो. ही दोन वेडं एकाच माणसात सापडल्यामुळे शॉर्टफिल्म करणारी मुलं हमखास गाठतात आणि विचारतात, ‘काका, क्रिप्टोच्या चोरीवर थ्रिलर करायचाय, पैसे फार नाहीत. जमेल का?’

जमेल. उलट पैसे जास्त मिळाले तर सिनेमा बिघडायची भीती जास्त.

या चोरीत बघण्यासारखं काही नसतं, ही खरी अडचण. तिजोरी फोडताना घाम दिसतो, ड्रिलचा आवाज येतो, पहारेकरी नेमका त्याच वेळी परत फिरतो. इथे प्रायव्हेट की, म्हणजे नाणी हलवायची गुप्त डिजिटल चावी, ज्याच्या हाती, नाणं त्याचं. अनेक वॉलेटांत (या चाव्या सांभाळणाऱ्या अ‍ॅपांत किंवा यंत्रांत) ती की बारा किंवा चोवीस साध्या शब्दांवरून पुन्हा मिळवता येते. ते शब्द कुणी वाचले की खेळ खलास. एवढ्याने पडदा भरत नाही म्हणून दिग्दर्शक घाबरतो, हिरव्या अक्षरांचा पाऊस पाडतो आणि हूडीवाल्या पोराला कीबोर्ड बडवायला लावतो. तो पाऊस वगळा. चोरी दोन मिनिटांत उरका आणि चोरी झाल्यानंतरचा माणूस दाखवा.

मी नेहमी जेम्स झोंगची गोष्ट सांगतो. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातला हा तरुण. 2012 साली सिल्क रोड नावाच्या डार्कनेट बाजारात, म्हणजे लपलेल्या इंटरनेटवरच्या बाजारात, त्याने एक गोम हेरली. खात्यात 500 बिटकॉइन (हे सगळ्यांत गाजलेलं क्रिप्टो नाणं) टाकायचे आणि लगेच 500 काढायची मागणी एकाच सेकंदात पाच वेळा करायची. बाजाराची यंत्रणा गोंधळायची आणि 500 च्या बदल्यात 2,500 हाती यायचे. असं करत त्याने सुमारे 50,000 बिटकॉइन लांबवले. बाजार अमली पदार्थांचा, तक्रार करणार कोण?

आता गंमत बघा. 2019 मध्ये त्याच्याच घरी चोरी झाली आणि या गृहस्थांनी चक्क पोलिसांना फोन केला! चोरावर मोर आपण ऐकून आहोत. इथे चोर मोराविरुद्ध फिर्याद द्यायला निघाला. पुढे जुन्या चोरीच्या पैशाचा एक बारीकसा धागा, हजार डॉलरही नसतील, केवायसी घेणाऱ्या एका एक्स्चेंजमध्ये, म्हणजे क्रिप्टोच्या खरेदी-विक्रीच्या बाजारात, जाऊन पोचला. केवायसी म्हणजे नाव, पत्ता, ओळखपत्र. हे वाचून माझ्यातला जुना कारकून सुखावला, खोटं कशाला बोलू. तपास करणारे त्याच्या घरी गेले तेही त्या घरफोडीची चौकशी करतोय असं सांगून, गोड बोलत. नोव्हेंबर 2021 मध्ये झडती झाली. जमिनीतल्या तिजोरीत, आणि बाथरूमच्या कपाटात पॉपकॉर्नच्या पत्र्याच्या डब्यात, पांघरुणांखाली ठेवलेल्या एका छोट्या कॉम्प्युटरवर मिळून 50,676 बिटकॉइन सापडले. त्या दिवशीच्या भावाने 336 कोटी डॉलर. शिक्षा झाली एक वर्ष आणि एक दिवस.

यात खर्च कशाचा आहे, सांगा. एक घर, एक डबा, दारात उभे दोन गोडबोले अधिकारी. प्रेक्षकाला डब्यात काय आहे ते ठाऊक असलं, की अधिकारी ‘जरा बाथरूम वापरू का?’ म्हणाला तरी पुरे. (हा प्रसंग माझ्या पदरचा. वापरा, मानधन नको.)

शिवाय बिटकॉइनच्या व्यवहारांची वही सगळ्या जगासमोर उघडी असते. चोराचं नाव त्यात नसतं, पण रक्कम कुठून कुठे गेली ते कायमचं लिहिलेलं असतं. ऑगस्ट 2016 मध्ये बिटफिनेक्स या एक्स्चेंजमधून 1,19,754 बिटकॉइन गेले. चोरीच्या दिवशी किंमत सात कोटी डॉलरच्या आसपास, आणि 2022 च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कमध्ये एक जोडपं पकडलं गेलं तोवर साडेचारशे कोटी. चोरी नवऱ्याने केली, पैसे धुण्यात बायको सामील झाली. ती तर स्वतःचे रॅपचे व्हिडिओ टाकायची! एवढ्या संपत्तीतून त्यांनी काय केलं, तर इतर खटाटोपांबरोबर गिफ्ट कार्डं घेतली. प्रायव्हेट कींची फाइल क्लाउडवर ठेवली होती, कुलूप लावून. तपास करणाऱ्यांनी ते उघडलं. मी लिहिणार असतो तर अख्खा सिनेमा त्यांच्या जेवणाच्या टेबलावर ठेवला असता. रोज भाव वाढतोय, आपण कागदावर अब्जाधीश आहोत, आणि मोठी रक्कम हलवली की जगभरचे लोक वाकून बघणार. अशा घरात नवरा-बायको भांडत कशावरून असतील?

2019 चा ‘क्रिप्टो’ नावाचा एक बेताचा हॉलिवूडपटही मुलं पुढे करतात. त्याचा नायक बँकेच्या अनुपालन विभागातला (नियम पाळले जातात का ते बघणारा), न्यूयॉर्क राज्यातल्या आपल्या लहानशा गावी परत पाठवलेला. कर्ट रसेल त्याचा बटाटे पिकवणारा बाप. अर्धं काम इथेच झालं होतं! आकडे जुळत नाहीत म्हणून झोप उडालेला माणूस हाच या विषयाचा खरा डिटेक्टिव्ह. मग लेखकांचा धीर सुटला आणि रशियन माफिया बंदुका घेऊन आला.

आपल्याकडे मसाला नाही असं म्हणणाऱ्यांना मी पुण्याची आठवण देतो. गेनबिटकॉइन या बिटकॉइनवर भरघोस परताव्याचं आमिष दाखवणाऱ्या घोटाळ्याच्या तपासात पोलिसांना मदत करायला बोलावलेल्या दोन तज्ज्ञांनाच मार्च 2022 मध्ये अटक झाली. आरोपींच्या वॉलेटातलं क्रिप्टो त्यांनी स्वतःकडे वळवलं, असा आरोप आहे. त्यांतला एक माजी आयपीएस अधिकारी. ज्या कामाची खात्री करायला दुसरं कुणी नाही असं काम हातात असलेला माणूस रात्री घरी काय विचार करतो? त्याच्या हातात बंदूक द्यायची काही गरज नाही.

पण मला एकच कथा निवडा म्हणालात तर चोर आणि तज्ज्ञ दोघंही बाजूला ठेवीन आणि कोल्हापूर-सांगलीकडचा एखादा कॉलेजचा पोरगा घेईन. तो पीटूपीवर, म्हणजे माणसाने माणसाला थेट, यूएसडीटी (डॉलरच्या भावाला बांधलेलं क्रिप्टो नाणं) विकतो, हजारामागे थोडे रुपये सुटतात. घेणाऱ्याने यूपीआयने पैसे पाठवले, याने नाणी सोडली. तिसऱ्या दिवशी खातं होल्डवर. ते पैसे भलत्याच राज्यातल्या फसवल्या गेलेल्या कुणा म्हाताऱ्याचे होते. त्याने 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली आणि माग थेट या पोराच्या खात्यापर्यंत आला. याच खात्यात बहिणीच्या लग्नाचे पैसेही आहेत. बँक म्हणते सायबर पोलिसांकडे जा, ते म्हणतात समक्ष येऊन जबाब द्या. वडिलांना अजून पत्ता नाही, आणि हॉलवाल्याला उरलेली रक्कम सोमवारी द्यायची आहे.

हे लिहा आणि पहिला मसुदा घेऊन या. बँकेतला माणूस घातलात तर त्याला भ्रष्ट मात्र करू नका. कंटाळलेला, नियमाने वागणारा दाखवा. ‘यात आमच्या हातात काही नाही’ हे वाक्य तो अगदी खरं बोलत असतो, आणि त्या पोराचे पाय लटपटायला तेवढं पुरतं.