सर, स्नेल नका करू

सहाव्या इनिंगला मी माउंडकडे, म्हणजे पिचर जिथून चेंडू टाकतो तिथे, चालत निघालो तेव्हा डावऱ्याने चेंडू ग्लोव्हमध्ये सरकवला आणि ग्लोव्ह छातीशी धरला. पिचर चेंडू लपवतो तो बॅटरपासून. याने माझ्यापासून लपवला. जवळ गेल्यावर हळूच म्हणाला, "सर, स्नेल नका करू."

त्याचं नाव इथे लिहीत नाही. संघात त्याला सगळे डावऱ्याच म्हणतात. मी क्रीडाशिक्षक, पोरांना बेसबॉल शिकवतो. असं सांगितलं की "म्हणजे सॉफ्टबॉल ना?" हा प्रश्न ठरलेला. सॉफ्टबॉलचा पिचर खालून हात फिरवून टाकतो, बेसबॉलचा खांद्यावरून, ६० फूट ६ इंचांवरून, पूर्ण जोर लावून. तो हात मोजून वापरावा लागतो. हे पालकांना, मुख्याध्यापकांना आणि सामन्यांचं वेळापत्रक लावणाऱ्यांना समजावता समजावता माझी निम्मी नोकरी गेली.

शालेय राज्यस्तरावर आठ विभागांतून आठ संघ येतात. बाद पद्धत: हरलात की बॅगा भरा. आमचे सामने ओळीने तीन दिवसांत बसवले होते. अमेरिकेत शाळकरी पिचरसाठी मेजर लीग आणि तिथल्या बेसबॉल संघटनेने आखून दिलेलं कोष्टक आहे. १७-१८ वर्षांच्या मुलाने दिवसात १०५ च्या वर पिच (म्हणजे बॅटरला टाकलेले चेंडू) टाकायच्या नाहीत, आणि ६१ ते ८० टाकल्या तर पुढे तीन दिवस माउंडवर यायचं नाही. हे कोष्टक मी वहीच्या पहिल्या पानावर चिकटवलंय. मी खेळवलेल्या एकाही स्पर्धेत टेबलवर बसलेल्या कुणी पिच मोजताना मला दिसलेलं नाही. मी मोजतो, हातातल्या क्लिकरवर.

उपांत्यपूर्व सामन्यात डावऱ्याने ६८ टाकल्या. म्हणजे तीन दिवस सुट्टी. दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता उपांत्य सामना, आणि मी त्यालाच उतरवलं. नियम मी सकाळीच मोडला होता, हे आधी लिहून टाकतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

तो टाकतही तसाच होता. मैदान क्रिकेटचं, माउंडचा उंचवटा नावालाही नाही, सपाट मातीत खिळ्यांनी ठोकलेली रबराची पट्टी. उंचवटा नसला की चेंडूला वरून खाली येणारा कोन मिळत नाही, पिचरला सगळं मनगटातून काढावं लागतं. डावऱ्याचा कर्व्ह, म्हणजे बॅटरजवळ येऊन खाली वळणारा चेंडू, तिथेही गुडघ्यापाशी येऊन पडत होता. पाच इनिंग संपल्या तेव्हा आम्ही २-१ ने पुढे होतो. सहाव्यात त्यांचा पहिल्या नंबरचा बॅटर ग्राउंडरवर (जमिनीवरून गेलेल्या फटक्यावर) आउट. दुसऱ्याने सिंगल मारला, म्हणजे फटक्यावर पहिला बेस गाठला, तोही कर्व्हवर. चेंडू खाली पडलाच नाही, कमरेच्या उंचीवर लटकत राहिला. क्लिकरवर ७१. बॅटिंगला येत होता तिसरा, सामन्यात तिसऱ्यांदा. दुसऱ्या वेळी त्याने मारलेला सेंटर फील्डरने पळत जाऊन कसाबसा घेतला होता.

मला डावऱ्याचा कोपर खाली येताना दिसला. आधी खांद्याच्या रेषेत होता, आता बोटभर खाली. दोन पिचमध्ये तो जास्त वेळ घेत होता, तळहात पँटला पुसत होता. मी बघितलं ते खरंच तसं होतं का, की बॅटरची तिसरी फेरी आली म्हणून मला तसं दिसायला लागलं? गेले पंधरा दिवस मी याच प्रश्नात आहे.

स्नेलचं सांगायला हवं. २०२० ची वर्ल्ड सीरिज, म्हणजे मेजर लीगची अंतिम मालिका, सहावा सामना, टेक्सासमधलं आर्लिंग्टन. टॅम्पा बे रेज लॉस एंजेलिस डॉजर्सविरुद्ध १-० ने पुढे. त्यांचा डावखुरा पिचर ब्लेक स्नेल: ७३ पिच, दोन हिट, नऊ स्ट्राइकआउट, एकही बेस ऑन बॉल (चार बाहेरचे बॉल पडले की बॅटरला फुकट मिळणारा पहिला बेस) नाही. सहाव्या इनिंगला एक आउट असताना डॉजर्सच्या ऑस्टिन बार्न्सने सिंगल मारला आणि मॅनेजर केविन कॅशने स्नेलला काढलं. पुढे येणारे बॅटर बेट्स, सीगर आणि टर्नर, तिघे मिळून त्याच्यासमोर सहा वेळा आले होते आणि सहाही वेळा स्ट्राइकआउट झाले होते. कॅशचा हिशोब असा की बॅटर तिसऱ्यांदा समोर आला की पिचर त्याच्या ओळखीचा झालेला असतो. स्नेलच्या जागी निक अँडरसन आला. बेट्सचा डबल, मग कॅचरच्याही हाती न लागलेल्या वाइल्ड पिचवर बरोबरी, मग सीगरच्या ग्राउंडरवर दुसरी धाव. डॉजर्स ३-१ ने जिंकले, रेजच्या हातून मालिकाही गेली.

ही क्लिप मी पोरांना दरवर्षी दाखवतो. पोरं कॅशला शिव्या घालतात, डावऱ्या सगळ्यांत जास्त. मी मात्र त्यांना विचारतो, काढलं त्याबद्दल सगळे बोलता, आणलं कुणाला ते बघा. अँडरसनने त्याआधीच्या सलग सहा सामन्यांत धाव दिली होती. काढायचा हिशोब बरोबर असेलही, पण त्या दिवशी तो हात ताजा नव्हता. हे मी खडू घेऊन फळ्यावर शिकवलेलं आहे.

माउंडवर विचारलं, "हात दुखतोय का रे?"

"नाही सर. मी टाकतो."

कॅचर मास्क डोक्यावर सरकवून बुटाने माती उकरत होता. मी चेंडू मागितला. डावऱ्याने तो हातात दिला नाही, ग्लोव्ह उघडून पुढे धरला. मीच उचलून घेतला. त्याला राइट फील्डला पाठवलं आणि दुसऱ्या पिचरला बोलावलं.

दुसरा पिचर मांडवातून जॅकेट काढत आला. आल्यावर मिळतात तेवढ्याच आठ वॉर्मअप पिच. त्याआधी सकाळपासून त्याने एकही टाकली नव्हती. चौथ्या इनिंगपासून त्याला गरम करत ठेवणं हे माझं काम होतं, आणि मी ते मुद्दाम केलं नाही. डावखुरा पिचर बेसवर धावक असताना उभा राहतो तो तोंड पहिल्या बेसकडे करून. आमचा मांडव पहिल्या बेसच्या बाजूला. तिथे दुसरा पोरगा टाकायला लागला असता तर ते डावऱ्याच्या थेट नजरेसमोर झालं असतं. इतकं छान टाकणाऱ्या पोराला वाटायला नको की सरांचा भरवसा उडाला, एवढ्यासाठी मी दुसऱ्याला थंड बसवून ठेवलं. मोठ्या मैदानांवर बुलपेन असतं, पिचरने गरम व्हायची वेगळी जागा. आमच्याकडे सगळं सगळ्यांच्या डोळ्यांसमोर.

पुढचं झटपट झालं. तिसऱ्या बॅटरला चार बॉल, चारही डोक्याच्या उंचीवर. चौथ्याचा ग्राउंडर, दुसरा आउट, पण दोन्ही धावक एकेक बेस पुढे. पाचव्याने मारला तो राइट फील्डला.

डावऱ्याकडे.

तिसऱ्या बेसवरचा आरामात आला, २-२. दुसऱ्या बेसवरचा वळसा घेऊन होमकडे सुटला. डावऱ्याने चेंडू उचलला आणि फेकला. एक टप्पा, सरळ कॅचरच्या मिटमध्ये. त्या दिवसाचा मैदानावरचा सर्वांत सुंदर थ्रो. धावक हातभर आधी पोहोचला होता. सेफ. ३-२. शेवटच्या सातव्या इनिंगला आमचे तिघे ओळीने आउट.

त्या थ्रोनेच माझी सगळी पंचाईत केली. बसमध्ये आमचे एक सहकारी सगळ्यांसमोर म्हणाले, "हात गेला होता म्हणता, मग तो थ्रो काय पायाने केला?" नंतर पालकही हेच बोलले, त्यांच्या डोक्यात बारावीचे क्रीडा गुण आणि पुढची निवड चाचणी, आणि त्यात चूक काही नाही. मी सांगून पाहिलं की ईर्ष्येने एक थ्रो करणं वेगळं आणि एकाहत्तरनंतर अजून वीस पिच टाकणं वेगळं. थकलेल्या हातातूनही एक थ्रो निघतो. पण हे ऐकायला कुणी थांबत नाही. सहकाऱ्यांचं मत पक्कं आहे की मी मोबाईलवर बघून कोचिंग करतो. त्यांनी स्वतः आजवर एका पोराच्या पिच मोजलेल्या नाहीत.

रात्री झोप येईना तेव्हा बोस्टनचा मॅनेजर ग्रेडी लिटल आठवत राहिला. २००३, बोस्टन विरुद्ध यांकीज, मालिकेचा शेवटचा, सातवा सामना, आठवी इनिंग, बोस्टन ५-२ ने पुढे. लिटल माउंडवर गेला, पिचर पेड्रो मार्टिनेझला विचारलं, पेड्रो टाकतो म्हणाला, लिटलने त्याला ठेवलं. ५-५ झाले, अकराव्या इनिंगला यांकीजच्या ॲरन बूनच्या होम रनवर बोस्टन हरलं, आणि लिटलचा करार पुढे वाढवला गेला नाही. कॅशने काढलं, हरला, आणि दोन आठवड्यांत त्याला त्या मोसमाचा आपल्या लीगमधला सर्वोत्कृष्ट मॅनेजर जाहीर केलं. मतं प्लेऑफच्या, म्हणजे मोसमाअखेरच्या बाद मालिकांच्या, आधीच पडलेली होती. या दोघांतल्या कुणाच्या बाजूने उभं राहायचं हे मी वहीत दोन रकाने पाडून लिहायला बसलो. अर्ध्या पानानंतर थांबलो.

परत आल्यावर डावऱ्याला दहा दिवस चेंडूला हात लावायचा नाही म्हणून सांगितलं. तो रोज येतो, पळतो, माझ्याशी नीट बोलतो, त्या सामन्याचं नाव काढत नाही.

परवा किट आवरताना कॅचर मागे थांबला. लेग गार्डचे पट्टे गुंडाळत म्हणाला, "सर, चौथ्या इनिंगपासून मी कर्व्ह मागितला की तो नाही म्हणून मान हलवत होता. फास्टच टाकतो म्हणायचा. तो सिंगल गेला ना, तो कर्व्ह मी हट्टाने मागितला होता."

"मग तिथेच का नाही सांगितलंस?"

"तुम्ही त्याला विचारलंत, सर," तो म्हणाला. "मला कुठे विचारलंत?"