सौंदत्तीच्या जत्रेतला टेट्राक्वार्क

राहायला फ्रान्स, ट्राम पकडायला स्वित्झर्लंड आणि माझ्या कामाच्या जागेचं, म्हणजे सर्न या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेचं आवार तर दोन्ही देशांवर पसरलेलं, म्हणजे बेळगाव सुटलं तरी सीमाभाग काही सुटला नाही बघा 😄 फक्त इथं बोर्डावरच्या भाषेवरून मोर्चे निघत नाहीत.

खानापूरचे काका फोनवर दर वेळी विचारतात, "त्या भुयारात नेमकं काय करालास रे?" तर काका, साधारण 100 मीटर खोल, 27 किलोमीटरच्या रिंगमध्ये शिशाचे अणुकेंद्रक एकमेकांवर आदळतात आणि त्यातनं काय निघालं ते आम्ही कॉम्प्युटरवर चाळत बसतो.

2003 मध्ये जपानच्या बेल प्रयोगात एक्स(3872) नावाचा कण सापडला. क्वार्क म्हणजे प्रोटॉन-न्यूट्रॉन ज्यांचे बनतात ते बारके कण. हा एक्स प्रोटॉनसारखा तीन क्वार्कवाला नाही, साधा क्वार्क-अँटिक्वार्कच्या जोडीचा म्हणावा तर तसाही वागत नाही, बहुतेक चार क्वार्कचा मामला, म्हणजे टेट्राक्वार्क. पण ते चौघं एकाच घट्ट गोळ्यात आहेत की दोन डी मेसॉन (क्वार्क-अँटिक्वार्कच्या जोडीचे कण) एकमेकांना जेमतेम धरून आहेत, यावर वीस वर्षं वाद चाललाय. त्याचं वस्तुमान त्या दोन मेसॉनांच्या बेरजेला इतकं चिकटून आहे की माझा कल दुसरीकडं जातो.

आता शिसं कशाला? शिशाच्या टकरीत कणांची तुफान गर्दी होते, आणि सौंदत्तीला यल्लम्माच्या जत्रेत करंगळी धरून चाललेली दोघं गर्दीत लगेच सुटतात, कडेवरचं पोर सुटत नाही. पण गर्दी पांगताना भलतीच दोघं शेजारी येऊन एकत्र चालायलाही लागतात, तसंच शिशाच्या टकरीत क्वार्क आणि त्यांना बांधणारे ग्लुऑन यांचा तापलेला रस्सा थंड होताना मोकळे चार्म क्वार्क (क्वार्कचाच एक जड प्रकार) इतरांसोबत एकत्र येऊन नवा एक्स बनू शकतो. म्हणजे सैल कण तुटूनही जाईल आणि नव्यानं बनेलही, कुठलं जास्त होतं ते मोजायचं.

याच रिंगवरच्या सीएमएस प्रयोगानं 2018 च्या डेटात शिशाच्या टकरीत एक्सचा पुरावा पहिल्यांदा दाखवला. साय(2एस) नावाच्या साध्या, जोडीवाल्या कणाशी त्याचं प्रमाण 1 च्या आसपास आलं, प्रोटॉन-प्रोटॉन टकरीत ते 0.1 असतं! ऐकायला भारी, पण एरर एवढी मोठी की पैज लावू नये. आणि एलएचसीबी या दुसऱ्या प्रयोगानं प्रोटॉनच्याच टकरीत उलटं पाहिलं, टकरीतनं जितके जास्त कण निघतील तितकं एक्सचं हे प्रमाण कमी.

2023 पासून शिशाच्या टकरी 5.36 टीईव्ही (प्रत्येक न्यूक्लिऑन-जोडीमागं) ऊर्जेला परत सुरू झाल्यात, डेटा भरपूर येतोय. आधी ती एरर खाली येऊ दे, मग काकांना फोन करतो.