सावकाश धावण्याची सवलत

पणजी, रविवार, ऑक्टोबरचा दुसरा आठवडा

आई झालेल्या बाईने धावावे याला आता कोणाची फारशी हरकत नसते. हरकत असते ती तिने घड्याळ लावून धावण्याला. प्रकृतीसाठी म्हणून सकाळी मिरामारपर्यंत जाऊन आले तर शेजारीपाजारी कौतुक करतात, आणि सासूबाई नातीला पेज भरवता भरवता माझ्यासाठीही वाटीभर काढून ठेवतात. मात्र डिसेंबरमध्ये चिखलीला होणाऱ्या गोवा रिव्हर मॅरेथॉनमध्ये अर्ध्या मॅरेथॉनचे अंतर दोन तासांच्या आत पुरे करायचे आहे, असे म्हटले की सगळ्यांच्या बोलण्यात एक सबुरीचा सूर येतो. ‘‘हळू धाव गो, कोण पाठीस लागलंय तुझ्या?’’ हा सासूबाईंचा प्रश्न मायेचाच आहे, पण त्याचे धड उत्तर मला आजवर देता आलेले नाही.

21.0975 किलोमीटर दोन तासांच्या आत म्हणजे प्रत्येक किलोमीटर सरासरी 5 मिनिटे 41 सेकंदांत. हा वेग नुसते धावत राहिल्याने येत नाही. त्यासाठी आठवड्यातून एकदा इंटरव्हल (थोडे अंतर जोरात, मग विसावा, असे पुन्हा पुन्हा), एकदा टेम्पो (दमवणाऱ्या पण टिकवता येणाऱ्या वेगाने सलग धावणे) आणि रविवारी लाँग रन, म्हणजे लांब पल्ल्याचे सावकाश धावणे, एवढे तरी नेमाने व्हावे लागते. साधे धावणे कुठेही तोडता येते, अर्ध्या वाटेतून परतता येते. इंटरव्हल मात्र रात्रभर जागलेल्या शरीराला जमत नाही, आणि ज्या घरात अडीच वर्षांच्या मुलीच्या मागच्या दाढा येत आहेत, तिथे सलग झोप कोणत्या रात्री लागेल हे आदल्या दिवशी सांगता येत नाही. त्यात आमचा ऑक्टोबर. पाऊस ओसरतो, पण हवेतला दमटपणा तसाच राहतो; घाम वाळत नाही, त्यामुळे अंग निवत नाही, आणि त्याच वेगाला हृदयाचे ठोके कितीतरी वाढलेले दिसतात. अशा दिवशी घड्याळातल्या वेगापेक्षा श्वासावर भिस्त ठेवावी लागते. हे कळायला मला कोणा प्रशिक्षकाची गरज पडली नाही, दोनापावल्याचा चढ पुरला.

नोकरीचे म्हणाल, तर मी चार्टर्ड अकाउंटंटच्या कार्यालयात काम करते, आणि आमचा महिना तारखांनी बांधलेला असतो. 11 तारखेला जीएसटीआर-1, 20 तारखेला 3बी, ही अशिलांची जीएसटीची विवरणपत्रे. त्याआधीचे दोन-तीन दिवस घरी परतायला रात्र होते. डिसेंबरच्या शर्यतीची खरी तयारी सप्टेंबरात सुरू व्हायला हवी, आणि नेमक्या त्याच महिन्यात लेखापरीक्षणाची घाई असते. चवथीचे दिवस गावी जातात ते वेगळेच. 2017 च्या दुरुस्तीने प्रसूतीची रजा 26 आठवड्यांची झाली, आणि 50 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोयही बंधनकारक झाली. आम्ही मोजके लोक, म्हणून दुसरी तरतूद आम्हाला लागू होत नाही. माझे पाळणाघर म्हणजे सासूबाई, आणि ज्यांच्या जिवावर माझे धावणे चालते त्यांनाच हे ईर्ष्येचे धावणे अनाठायी वाटावे, ही खरी अडचण आहे.

माझी एक मैत्रीण अशा वेळी हमखास जॅस्मिन पॅरिसचे उदाहरण देते. 2019 च्या जानेवारीत ब्रिटनमधली 431 किलोमीटरची स्पाइन रेस या पशुवैद्य बाईने 83 तास 12 मिनिटांत सर्व स्पर्धकांना, पुरुषांनाही, मागे टाकून जिंकली, आणि वाटेतल्या मुक्कामांवर ती लहानग्या मुलीसाठी दूध काढून ठेवत होती. मला ती गोष्ट फार आवडते. पण तिच्यामुळे आमच्यासारख्यांचे काम सोपे होत नाही, उलट थोडे अवघडच होते. तिने पहिला क्रमांक मिळवला, म्हणून तिच्या हट्टाला जिद्द म्हणतात. मी दोन तासांच्या आत पोहोचले तरी पहिल्या शंभरात असेन याची खात्री नाही. मग माझ्या हट्टाला काय म्हणायचे? मला वाटते, हट्टच म्हणावे. दिवसभरात मी जे काही करते, त्यात विवरणपत्र अशिलाचे असते, पेज मुलीची असते, रविवारचे मासेसुद्धा नवऱ्याच्या आवडीचे असतात. सेकंद तेवढे माझे असतात, आणि ते कमी झाले की नाही, हे कोणाला विचारावे लागत नाही.

आज 18 किलोमीटर ठरले होते. पाटो ओलांडून रायबंदरच्या पाजेवरून, म्हणजे खाडीतल्या बांधावरच्या रस्त्यावरून, मिठागरे आणि खारफुटीच्या कडेने जुन्या गोव्याकडे जायचे होते, पण रात्री मुलीचे अंग कोमट लागत होते, म्हणून रायबंदरहूनच परत फिरले. घरी आले तेव्हा मुलगी पोदेराकडचा, म्हणजे पाववाल्याकडचा, पाव चहात बुडवून खात बसली होती. चुकलेले अंतर संध्याकाळी भरून काढायचा विचार मी केला नाही. अशी भरपाई पायांना महागात पडते.

दुपारी बसून नवऱ्याबरोबर आठवडा पुन्हा मांडला. टेम्पो तूर्त सोडून दिला. इंटरव्हल आणि लाँग रन ठेवायचे, आणि 20 तारखेच्या आठवड्यात इंटरव्हलही नाही. रविवारी बाजाराला तो मुलीला घेऊन जाईल. सासूबाई शेजारी तांदूळ निवडत होत्या, त्यांना या वेळी सरळ सांगितले की हळू धावायला माझी ना नाही, पण मला तेवढेच नको आहे. त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत, मग विचारले, ‘‘ते जोराचं धावणं कुठल्या दिवशी असतं?’’ बुधवारी, मी म्हटले. ‘‘मग मंगळवारी रात्री पोरीला माझ्या खोलीत निजव.’’

मंगळवारी ती तिथे निजेलच असे नाही, कारण आईवाचून झोपायची तिला सवय नाही. पण उद्या सोमवारपासूनच दुपारची झोप आजीच्या खाटेवर, असे ठरले आहे.