आबांची मोडी वही : कीर्द संपली, खतावणी लागली

कीर्दीचं, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या नोंदींचं, मोडी या जुन्या धावत्या लिपीतून लिप्यंतर पूर्ण झालं. शके १८६९ च्या दिवाळी पाडव्यापासून, म्हणजे नोव्हेंबर १९४७ पासूनची आबांची रोजकीर्द आता पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत, आली आहे. आता खतावणीवर, म्हणजे माणसागणिक मांडलेल्या खात्यांवर, काम चालू आहे. तिच्यात जे सापडलं ते मोडी वाचणाऱ्यांनाच नीट कळेल, म्हणून सविस्तर लिहितो.

आबा म्हणजे माझे आजोबा. पाटण तालुक्यातलं डोंगराकडेचं गाव, थोडी भातशेती आणि ओसरीवर किराण्याचं लहानसं दुकान. शाळेत मोडी शिकलेली त्यांची जवळजवळ शेवटचीच पिढी. १९५० च्या सुमारास मोडी शाळांतून गेली आणि आमच्या वडिलांच्या हाती फक्त बाळबोध आली. त्यामुळे लाल कापडाच्या बांधणीची ही वही घरात इतकी वर्षं असून कुणी उघडून वाचली नव्हती. आबा गेल्यावर ती बासनात बांधून ट्रंकेत ठेवली, वर वेखंडाचे तुकडे. वेखंडानं काम चोख केलंय, कसर फार थोड्या पानांना लागली आहे.

अक्षराबद्दल सांगतो. टाकानं लिहिलेलं, वळणदार, पण दुकानात गिऱ्हाईक उभं असताना लिहिलेलं कळतं. तिथे हात धावतो. आधी पानभर रेघ ओढलेली आणि तिला अक्षरं लटकवलेली, शब्दांत अंतर नाही, वेलांटी सगळीकडे दीर्घ, उकार सगळीकडे ऱ्हस्व. छापील तक्त्यावरून यातलं निम्मंही सुटत नाही. मी महिन्यांची नावं, वार आणि किराण्याचे जिन्नस आधी शोधले, कारण ते पानोपानी येतात. गूळ, मीठ, रॉकेल, चहापूड, काडीपेटी. त्यांतली अक्षरं कापून आबांच्याच हातची बाराखडी तयार केली आणि मग माणसांच्या नावांकडे वळलो. घरगुती कागद वाचणाऱ्या प्रत्येकाला माझा हाच सल्ला राहील. आकडे तुलनेनं सोपे. १॥ म्हणजे दीड रुपया, १॥। म्हणजे पावणेदोन, हे ज्यानं घरात पाहिलंय त्याला अडचण नाही. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले, तरी आबांनी पुढे बरीच वर्षं आणे सोडले नाहीत. दोन्ही हिशेब शेजारी शेजारी मांडलेत.

कीर्दीत दुकान आणि घर एकत्रच चालतं. एका पानावर थोरल्या आत्याच्या पहिल्या बाळंतपणाचा खर्च आहे: डिंक, सुकं खोबरं, मेथ्या, तूप दीड शेर, सुईणीस लुगडं. त्याखाली वेगळ्या ओळीत 'चि. बाळास वाळे'. त्या दिवशी दुकानाची विक्री शून्य मांडली आहे. लेक बाळंत झाली म्हणून आबांनी दुकान उघडलंच नव्हतं, असं आत्या सांगते. दर दिवाळीला बहिणीच्या ओवाळणीची रक्कम आहे. नांगराचा बैल गेला त्या वर्षीही ती कमी झालेली नाही. चैत्रातल्या यात्रेची वर्गणीसुद्धा आबांकडेच जमायची. नारळ, गॅसबत्त्यांचं भाडं, तमाशाची सुपारी, सगळं पैशापैशानं लिहिलेलं. शिल्लक पुढच्या सालात ओढताना गावातल्या दोघांचे अंगठे घेतलेत.

गावातली निम्मी घरं तेव्हा मुंबईच्या गिरण्यांवर चालायची. मनीऑर्डर आली की पावतीवर अंगठा उठवायला, पत्र वाचायला आणि उत्तर लिहायला बायका आबांकडे यायच्या. वहीच्या मागच्या पानांवर अशा उत्तरांचे कच्चे मजकूर आहेत. ते वाचलेत, पण उतरवणार नाही. ती बोलणी त्या घरांची.

आता खतावणी. रीत अशी की, रोख आली की कीर्दीत जमेला पडते, आणि तिथून त्या माणसाच्या खात्यात खतावताना शेजारी कीर्दीचा पान नंबर टाकतात. आबांनी हा नंबर कुठेही चुकवलेला नाही, त्यामुळे दोन्हीकडच्या नोंदी ताडून बघणं हा माझा आवडता उद्योग झाला होता. शके १८८९ पर्यंत सगळं तंतोतंत जुळलं.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. कोयनानगर आणि आसपासच्या गावांत दोनशेच्या आसपास माणसं गेली, घरांची तर गणतीच नाही. आमच्या गावात जीव वाचले, भिंती गेल्या. त्या मार्गशीर्षात आबांचं अक्षर बदललं आहे. दुकानाची पडवी पडलेली, लिहिणं उघड्यावर चाललेलं. रोज तेच जिन्नस नावे पडतात, म्हणजे उधार जातात: गूळ, चहापूड, कंदिलाच्या काचा, सुंभ, बांबू, तट्ट्या. गावातल्या सतरा घरांची खाती त्या महिन्याभरात फुगत गेली आहेत.

त्याच वर्षीच्या फाल्गुनात या सतराही खात्यांवर 'पावले', म्हणजे पैसे मिळाले, असं लिहून बाकी शून्य केली आहे. शाई एक, टाकाचं टोक एक, बहुतेक एकाच बैठकीत लिहिलेलं. पण कीर्दीचा पान नंबर एकाही खात्यावर नाही. फाल्गुनाची कीर्द पुन्हा ओळीनं वाचली. या सतरांपैकी कुणाकडून एक पैसा जमेला नाही. जमेला मोठी रक्कम एकच आहे, 'म्हैस विकली त्याचे आले', आणि लगेच खालच्या ओळीला कराडच्या घाऊक व्यापाऱ्याच्या नावे जवळजवळ तेवढीच रक्कम गेली आहे.

पैसे दुसऱ्या एखाद्या वहीत जमा झाले असतील, ही शंका मी धरून ठेवली होती. म्हणून आत्याला फोन केला, खात्यांचं काही न सांगता फक्त म्हैस विचारली. ती लगेच म्हणाली, "भुईकंपाच्या साली इकली. आय लई रडली हुती. आबा म्हनलं, मानसं उघड्यावर हायती, त्यांच्याकडं कुठल्या तोंडानं मागू?" मग मी खतावणीतल्या त्या ओळी वाचून दाखवल्या. पावले लिहून ठेवलंय हे तिलाही नवीन होतं. आपल्या मागं पोरांनी वही दाखवून कुणाच्या दारात जाऊ नये, म्हणून आबांनी खाती मिटवली, असं माझं मत आहे. हिशेबाला इतका पक्का माणूस पान नंबर विसरणार नाही.

या घरांची नातवंडं आजही गावात आहेत, यात्रेला आमच्याच पंगतीत बसतात. त्यामुळे लिप्यंतरात सतराही नावं झाकणार आहे; मूळ पानांचे फोटो घराबाहेर जाणार नाहीत. आत्याचंही हेच म्हणणं पडलं.

पुढचं काम: खतावणीची शेवटची काही पानं ओल लागून एकमेकांना चिकटली आहेत. वाफ देणार नाही, टाकाची शाई पसरेल. सध्या वही सावलीत, टीपकागदात, हलक्या वजनाखाली ठेवली आहे. अशी पानं कुणी सोडवली असतील तर कशानं आणि किती दिवसांत सुटली, ते जरूर कळवा. तोवर मी यात्रेच्या जमाखर्चाचा तक्ता पूर्ण करतो. गावच्या मंडळाला त्याची प्रत चैत्राच्या आत हवी आहे.